निरोप आला, पण पाऊस आधी आला



जिल्हा मेळाव्याच्या तयारीत आम्ही एक प्रयोग केला आणि तो फसला. कसा फसला हे मेळाव्याआधीच तुमच्यापुढे मांडणे भाग आहे, कारण आमच्यातल्याच काही शिकल्यासवरल्या कार्यकर्त्यांनी त्याचा दोष तुमच्या माथी मारायला सुरुवात केली आहे. "आपले लोक अडाणी, त्यांना ॲप कळत नाही," असे गेल्या बैठकीत दोघेतिघे बोलले. हे वाक्य आम्ही फार वर्षांपासून ओळखतो. कृषी महाविद्यालयाच्या वर्गात ते आम्हाला शिकवले होते आणि ते विसरायला आम्हाला दहा वर्षे लागली.

प्रयोग असा होता. मोबाईलवर माणसांना माणसांशी जोडणारी एक नवी सेवा आली आहे. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आज हिचे नाव, उद्या दुसरीचे, रोग एकच. फुकट आहे, देशी आहे, मराठीत आहे, एका गटात हजारो माणसे मावतात असे सांगण्यात आले. व्हॉट्सॲपच्या तालुक्यातालुक्याच्या विखुरलेल्या गटांऐवजी सगळा जिल्हा एका ठिकाणी आणावा, मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्याला भाव, हवामान, कीड आणि सभेचे निरोप एकदमच जावेत, असा आमचा विचार. विचारात खोट नव्हती. दसऱ्याला नारळ फोडला.

दिवाळी झाली. कापूस फुटून पांढरा झालेला. एका संध्याकाळी पावसाचा इशारा आला. आम्ही लगोलग त्या नव्या सेवेवर लिहिले, की उद्या दुपारनंतर पाऊस आहे, फुटलेला कापूस सकाळीच वेचून घ्या. खाली आकडा दिसत होता, इतक्या जणांनी पाहिले. आकडा वाढत होता तसा आमचा ऊर भरून येत होता. चौथ्या दिवशी आम्ही नांदगावच्या अंगच्या एका वाडीवर गेलो. पऱ्हाटीवर कापूस भिजून लोंबत होता, बोंडांची कवडी झाली होती. तिथल्या एका बाईंनी मोबाईल पुढे केला. आमचा निरोप त्यांना त्याच दिवशी सकाळी दिसला होता. वर कोण्या नटीचा नाच, खाली कोणाच्या तरी गाडीची जाहिरात आणि मधे आमचा तीन दिवसांपूर्वीचा पाऊस. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा निरोप आला, पण पाऊस आधी आला."

या एका वाक्यात सगळा निवाडा आहे. तरी तपशिलात जाऊ, कारण दोष नेमका कोणाचा हे ठरवायचे आहे.

पहिली गोष्ट काळाच्या क्रमाची. या नव्या सेवेत आलेले निरोप आले त्या क्रमाने दिसत नाहीत. तुम्ही काय जास्त वेळ बघाल याचा अंदाज यंत्र बांधते आणि त्याप्रमाणे खालीवर करते. करमणुकीसाठी बसलेल्या माणसाचे यात काही बिघडत नाही, नाच सोमवारी पाहिला काय नि गुरुवारी पाहिला काय. शेतीत वार महत्त्वाचा असतो. कामगंध सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस आले, तर गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करण्याची वेळ झाली, असे आम्ही सांगतो. हा निरोप आठवड्याने मिळाला तर अळी बोंडात शिरलेली असते आणि मग फवारणी म्हणजे नुसता औषध दुकानदाराचा फायदा. सोमवारचा भाव गुरुवारी कळला तर तो भाव नव्हे, इतिहास झाला. भिजलेल्या कापसाचे तर विचारूच नका. सरकारी खरेदीत ओलाव्याची मोजणी आठ टक्क्यांपासून सुरू होते, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात आणि बाराच्या वर गेला तर माल परत. एक निरोप उशिरा मिळाला याची किंमत अशी काट्यावर मोजली जाते.

आणि तो "इतक्या जणांनी पाहिले" हा आकडा? बोटाने पडदा सरकवताना निरोप डोळ्यांपुढून गेला तरी ते यंत्र "पाहिले" म्हणून मोजते. आम्ही त्याला भुललो. ही चूक आमची, ती कबूल. पूर्वी एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली की दुसऱ्या दिवशी पोचल्याचा उलट निरोप येत होता. तो आला नाही तर आम्ही सायकलवर टांग मारत होतो. यंत्राने आकडा दाखवला आणि आम्ही सायकल भिंतीला लावून ठेवली.

दुसरी गोष्ट मराठीची. ही सेवा मराठीत आहे असे म्हणतात. आहे ती अशी. मधल्या बटणावर "खाद्य" लिहिले होते. एका भावाने ते सरकी पेंडीचा भाव पाहायला म्हणून दाबले. इंग्रजीत निरोपांच्या त्या रांगेला "फीड" म्हणतात. कोण्या यंत्राने त्याचे भाषांतर जनावराच्या चाऱ्यासारखे केले आणि कोणा मराठी माणसाने ते एकदा वाचूनही पाहिले नाही. "अनुसरण करा" म्हणजे काय, हे आम्हाला पदवीधर असून विचारावे लागले. ज्याचे बोलणे ऐकायचे त्याचे म्हणे अनुसरण करायचे आणि मग तुम्ही त्याचे अनुयायी. आम्ही शेजारी शोधायला निघालो होतो. अनुयायी कोणाला हवे होते?

जन्मतारखेची तर गंमतच. खाते उघडताना ती सक्तीने मागतात. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या जन्मतारखा शाळेत घालताना मास्तरांनी घातलेल्या, १ जून. म्हणजे येत्या १ जूनला, मिरगाच्या तोंडाशी बियाण्याच्या चिंतेत असताना, अर्ध्या तालुक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा येणार. हसण्यावारी नेऊ. पण ज्यांनी हा रकाना सक्तीचा केला त्यांनी आपल्यापैकी एकाला तरी आधी विचारले असते, तर हे कळायला पाच मिनिटे लागली नसती.

तिसरी गोष्ट ओटीपीची, आणि इथे हसू येत नाही. खाते उघडायचे तर मोबाईलवर आकडे येतात, ते ठरल्या वेळेत भरायचे. वाडीवर रेंज नाही. टेकडीवर चढून आकडे घ्यावेत तोवर ते बाद होतात. तीनदा चुकले की खाते दिवसभर बंद. घरात मोबाईल एक, सिम नवऱ्याच्या नावावर आणि नवरा बाजाराला गेलेला. कापूस वेचते कोण? बाई. पावसाचा निरोप सगळ्यात आधी कोणाला पाहिजे? बाईला. आणि या सेवेच्या लेखी बाई नावाचे माणूसच नाही, कारण तिचा स्वतंत्र नंबर नाही.

आता "अडाणी शेतकरी" या वाक्याकडे येतो.

आम्हाला वर्गात संकरित ज्वारीची गोष्ट शिकवली होती. सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ साली आले. उत्पादनाचा आकडा भरघोस. तरी रब्बीच्या पट्ट्यातला शेतकरी मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी सोडीना. याचे कारण म्हणून प्रसाराचे प्राध्यापक फळ्यावर लिहीत: शेतकऱ्याची परंपरागत मनोवृत्ती. आम्ही ते पाठ केले आणि मार्क मिळवले. पुढे गावात काम करू लागल्यावर एका म्हाताऱ्याने बांधावर बसून आम्हाला हिशेब सांगितला. "तुम्ही दाणे मोजता. मी कडबाही मोजतो, कारण उन्हाळ्यात बैल तुमचा आकडा खात नाही." बुटक्या संकरित ताटाला कडबा किती? भाकरीची चव कशी? कणसात पाऊस शिरला तर दाणा काळा पडतो त्याचे काय? विद्यापीठाच्या तक्त्यात यातला एकही रकाना नव्हता. खरिपात जिथे हिशेब जुळला तिथे याच शेतकऱ्याने संकरित ज्वारी पेरली. जिथे जुळला नाही तिथे पेरली नाही. अडाणी कोण होते?

मोबाईलच्या बाबतीत वेगळे काय आहे? हाच शेतकरी ऑटो स्टार्टर बसवतो, ठिबकच्या नळीतून खत सोडतो, फवारणी पंप उघडून दुरुस्त करतो. व्हॉट्सॲप त्याला कोणीही वर्ग घेऊन शिकवले नाही. ते त्याने घेतले, कारण तिथे नंबर हीच ओळख होती, वहीतले नंबर आपोआप समोर आले, निरोप आल्या क्रमाने दिसले, रेंज नसली तर थांबून राहिले आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला बटण दाबून बोलता आले. ज्या बाईला सही येत नाही ती आवाज भरून माहेरी निरोप धाडते. २०१७ साली पुणतांब्यातून शेतकऱ्यांच्या संपाची हाक निघाली आणि १ जूनला दूध, भाजीपाला अडला, तेव्हा गावोगाव हेच मोबाईल वाजत होते.

याचा अर्थ व्हॉट्सॲप आपला सगा आहे असा कोणी काढू नये. ती एका अमेरिकन कंपनीची मालमत्ता आहे. फेसबुकने २०१४ साली ती विकत घेतली आणि २०२१ च्या सुरुवातीला नव्या अटी पुढे केल्या. पटत असेल तर राहा, नाहीतर चालू लागा, असा त्यांचा सूर. त्यावर आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेले. सोय आहे म्हणून वापरतो, इतकेच नाते.

आणि त्या सोयीनेच काय केले तेही विसरता येत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली पाच गरीब माणसे मुले पळवणारी टोळी म्हणून जमावाने ठेचून मारली. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी डोकी आधीच पेटलेली होती. चित्र किंवा व्हिडिओ आला की शेजारीच एक बाण असे. तो दाबला की पुढच्याला, पुढच्याच्या पुढच्याला. त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरता तो बाण काढून टाकला आणि एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. म्हणजे बटण कुठे ठेवायचे, किती सोपे करायचे, हा शहरातल्या पोरांचा सजावटीचा प्रश्न नाही हे कंपनीलाही कळले. कळले ते किती जीव गेल्यावर, ते आपण जाणतो. मारणारे हात माणसांचेच होते, त्यांचा गुन्हा बटणावर ढकलता येणार नाही. पण बटण ज्याने ठेवले तोही नामानिराळा राहू शकत नाही.

काही जण म्हणतात, परदेशी कंपनीपेक्षा देशी सेवा बरी. कूची गोष्ट आठवा. बंगळुरूच्या कंपनीची ही सेवा २०२० साली निघाली, त्याच वर्षी सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले. मराठी होती, मोबाईल नंबरवर खाते उघडत होते, बोलून टाकायचीही सोय होती. तिला खरी भरती आली ती २०२१ च्या फेब्रुवारीत, आणि कशामुळे? दिल्लीच्या वेशीवर तीन कायद्यांवरून शेतकरी बसले होते. सरकारने ट्विटरला अकराशेच्या वर खाती बंद करायला सांगितले, ट्विटरने ते पुरते ऐकले नाही. तेव्हा केंद्रातले मंत्री आणि खाती कूवर गेली आणि इतरांनाही तिकडे बोलावू लागली. तुम्ही त्या कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, आपल्या चळवळीत दोन्ही मतांचे लोक आहेत, पण एक बघा: शेतकऱ्यांच्या बोलण्यावरून झालेल्या भांडणात ही सेवा वाढली आणि तिच्यावर बोलणारे कोण? मंत्री, नट, क्रिकेटवाले. वरून खाली बोलणे चालले होते. जोरात असताना महिन्याला सुमारे एक कोटी माणसे येत होती, असे चालकांनीच सांगितले. जुलै २०२४ मध्ये त्यांनी दुकान बंद केले. मोठ्या कंपन्यांशी विलीनीकरणाची बोलणी फिसकटली, पैसा संपला.

आम्हाला त्यांच्याविषयी आकस नाही, मराठीसाठी त्यांनी इतरांपेक्षा जास्त केले. पण कोणी वाडी वसवायला निघाला, घरे बांधली, वेशीवर मराठीत पाटी लावली आणि आडात पाणी नाही, तर वाडी टिकत नाही. बोलणाऱ्याला शेजारच्याचे उत्तर मिळणे हे या धंद्यातले पाणी. ते नसले की देशी काय नि परदेशी काय. आणि सेवा बंद झाली की आपण तिथे जमा केलेले निरोप, नोंदी, ओळखी कोणाच्या? ऑर्कुट २०१४ साली बंद पडले, कू दहा वर्षांनी. आपल्या जिल्ह्याची पत्त्यांची वही अशा कोणाच्या कपाटात ठेवायची नाही, एवढे तरी शहाणपण आपण घ्यावे.

फुकट आहे ना, मग तक्रार कसली, असेही विचारले जाते. फुकट म्हणजे काय? खाते उघडताना एक लांबलचक कागद समोर येतो. सगळा इंग्रजीत. खाली मराठीत एकच बटण: "मी सहमत आहे." ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने असे कागद पाहिलेले आहेत. वर मजकूर सावकाराचा, खाली अंगठा कुणब्याचा. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती याच कागदांवरच्या रागाने. आज जमीन जात नाही, खरे आहे. जातात ती नावे, नंबर, कोण कोणाच्या ओळखीचा, कोण कुठे असतो. आमच्या फोनवरची नंबरांची पूर्ण वही या सेवेने पहिल्याच दिवशी मागितली आणि ती दिली नाही तर गट करता येणार नाही असे सांगितले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. असा कागद आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याची सोय द्यावी लागेल असे त्यात लिहिले आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हे कलम लागू करायला त्यात दीड वर्षाची मुदत घातली गेली. मुदत कंपन्यांना मिळते. आपल्याला पीककर्जाची मिळते तेव्हा व्याज चढते.

हाच रोग सरकारी ॲपमध्ये शिरला की त्याची किंमत रोख मोजावी लागते. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस घालायचा तर "कपास किसान" या ॲपवर नोंदणी आणि मग मोबाईलवरच दिवस ठरवणे आले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, बाजार त्याच्या खाली. म्हणजे ज्याला ॲप उघडले त्याला एक भाव आणि ज्याला उघडले नाही त्याला व्यापारी देईल तो. नोंदणीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, यातच सगळे आले. कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क त्याच ऑगस्टात उठवले गेले. त्यासाठी मात्र कोणाला टेकडीवर चढून ओटीपी घ्यावा लागला नाही.

आमच्या शास्त्रात एक साधी पद्धत आहे. नवे वाण संशोधन केंद्राच्या भारी, ओलिताच्या जमिनीत कितीही डोलले तरी कोरडवाहूसाठी त्याची शिफारस लगेच करत नाहीत. ते अनेक हंगाम, अनेक ठिकाणी, हलक्या जमिनीत, शेतकऱ्याच्या हाताखाली लावून पाहतात. त्यातही चुका होतात, वर सांगितलीच. पण पद्धत आहे. हे ॲपवाले काय करतात? गार खोलीत, भरपूर रेंजमध्ये, महागड्या फोनवर तपासतात आणि कोरडवाहूला लागू म्हणून सोडून देतात. उगवले नाही तर बियाणे चांगले, जमीन नालायक!

म्हणून आम्ही ठरवले आहे, आणि मेळाव्यात तुमची मान्यता घेणार आहोत, की जिल्ह्याचे निरोप या नव्या सेवेवर जाणार नाहीत. तालुक्याचे जुने व्हॉट्सॲप गट चालू राहतील. पावसाचा आणि किडीचा इशारा लिहून नव्हे तर आवाजात जाईल, आणि गावातला एक माणूस तो ऐकून पारावरच्या फळ्यावर खडूने लिहील, दोन बायांच्या कानावर घालील आणि उलट फोन करील. उलट फोन आला नाही तर निरोप पोचला नाही असेच धरले जाईल. नंबरांची वही कागदावर, तालुका प्रमुखाच्या घरी.

ज्यांनी ही सेवा काढली त्यांना आम्ही पत्र पाठवले आहे. त्यात लिहिले आहे, की आमच्या मेळाव्याला या, मांडवात बसा आणि आमच्या माणसांच्या हातातल्या फोनवर तुमचे यंत्र चालवून दाखवा. आल्यास भाकरी-पिठल्याची सोय आहे. उत्तर अजून आलेले नाही. आले तरी ते खाद्याच्या कितव्या थरात सापडेल, सांगता येत नाही.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपला फोन आणावा, रात्रीच्या लाइटीत चार्ज करून आणावा, आणि कोणत्या बटणावर अडलो ते आधी कागदावर लिहून आणावे. लिहिता येत नसेल त्याने नुसते सांगावे, आम्ही लिहून घेऊ. त्या वाडीवरच्या बाई येणार आहेत. पहिले बोलणे त्यांचे.